पाटा वाढवल्याने ट्रकची ताकद वाढत नाही

इचलकरंजीचे कापड मलकापूर, आंबा घाट, साखरपा या वाटेने रत्नागिरीत येते. भाडे वाचावे म्हणून आम्ही एक जुना ट्रक घेतला. माल भरला की त्याची मागची बाजू बसायची. एका मिस्त्रीने स्वस्त इलाज सुचवला: भंगारातला जाड पाटा गॅसवर वाकवून कमानीत चढवा. गाडी उंच झाली. आम्ही खूश होऊन दर खेपेला चार गठ्ठे जास्त भरू लागलो. तिसऱ्या महिन्यात आंबा घाट उतरताना तोच पाटा तुटला, मागोमाग मेन पाटाही गेला. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून तो वाचला.

चूक कुठे झाली, हे आम्हाला नंतर समजले. आठ सारख्या पाट्यांत तसाच नववा घातला तर कमान आठव्या हिश्श्याने कडक होते. मात्र दुप्पट जाडीचा एकच पाटा आठ पाट्यांइतका कडक असतो. भार सारखा वाटला न जाता त्याच्यावर जास्त येतो आणि तोच आधी तुटतो. शिवाय गॅसने लाल केलेल्या पोलादाचे पाणी उतरते.

खर्च कमी ठेवायचा असेल, तर व्यापारी बंधूंनी एवढे करावे. कमान उतरवून प्रत्येक पाटा घासून पाहावा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा असल्यास तो टाकून द्यावा, वेल्डिंग करू नये. बदली पाटा कंपनीच्याच मापाचा घ्यावा. बसलेले पण धड असलेले पाटे भट्टीवाल्या कारागिराकडून बाक देऊन, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून घ्यावेत. बुश, पिन व यू-बोल्ट नवे घालावेत. काम दोन्ही बाजूंचे एकदमच करावे आणि भरल्या गाडीच्या दोन-चार खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

एवढे करूनही वजनाची मर्यादा वाढत नाही. कमान कडक झाली तरी ब्रेक, ॲक्सल व टायर तेच राहतात. 2019 च्या कायदादुरुस्तीने जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड ठरवला. चार गठ्ठ्यांच्या नफ्यात हे भरून निघत नाही.

आमची कमान आता याच रीतीने बांधलेली आहे. ते चार गठ्ठे पुढच्या खेपेला येतात. गिऱ्हाईक दोन दिवस थांबते. घाटात गाडी उतरवणाऱ्याच्या घरीही कुणी वाट पाहत असते, हे मालकाने गाडी भरतानाच लक्षात ठेवावे.