तीन मांडव, तीन वेगळे क्षण

चाळीसगावात लग्नसराईच्या एकाच आठवड्यात अंतरपाट, निकाह आणि बौद्ध मंगलपरिणय असं सगळं वाट्याला येतं. परवा एका नव्या पोराने विचारलं, "दादा, सगळीकडे सेटिंग एकच ठेवू का?" म्हणून हे लिहितोय.

हिंदू लग्नात कस लागतो तो अंतरपाटाला. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली की दोघांचे चेहरे दिसतील असं बाजूला उभं राहा. शटर १/२५० च्या खाली नको, बर्स्ट चालू ठेवा. पडदा दूर झाला की अक्षता आणि हातांच्या गर्दीत ती पहिली नजर हरवते.

बौद्ध विवाहात वधूवर बहुतेकदा पांढऱ्या कपड्यांत. ऑटोवरचा कॅमेरा पांढरं करडं करतो. एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत वाढवा. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना वंदन, मग त्रिशरण-पंचशील. त्या वेळी फ्लॅश बंदच ठेवा.

निकाहात वधू बहुधा वेगळ्या खोलीत असते. कबुली आणि सही दोन्हीकडची हवी तर दोन कॅमेरे लागतात, आतला बाईच्या हातात. काही घरांना वधूचे फोटो नको असतात. आधी विचारा आणि तो शब्द पाळाच.

आपल्या गावचे केकी मूस (१९१२-१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीत प्रत्येक वस्तू हवी तशी मांडायचे. लग्नात मांडणी आपल्या हातात नसते. म्हणून मी भटजी, बौद्धाचार्य, काझी यांच्याशी आधीच बोलून विधींचा क्रम समजून घेतो.

तांड्यावरच्या बंजारा लग्नांवर वेगळं लिहीन. लेन्स, उजेड, काहीही विचारा.