कौलापूर्वीचे दिवस

निवडणुकीचा इतिहास बहुधा निकालापासून लिहिला जातो. कोण निवडून आले, कोणाचे पारडे किती मतांनी जड झाले, कोणते मंत्रिमंडळ अधिकारावर आले, या गोष्टींची नोंद दप्तरांत राहते. निकालापूर्वीच्या चार दिवसांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवीत नाही. वास्तविक त्या दिवसांत काहीच ठरलेले नसते आणि म्हणूनच सर्व काही शक्य वाटत असते. या दिवसांचा खरा धनी उमेदवार नव्हे आणि पुढारीही नव्हे. तो असतो हाती मतदारांची यादी घेऊन उन्हातान्हात दारोदार हिंडणारा स्वयंसेवक. त्याला पद मिळावयाचे नसते, बहुधा वेतनही मिळावयाचे नसते. तरीही मतदानाचा दिवस जवळ येऊ लागला की त्याची झोप उडते, तहानभूक हरपते आणि आपलीच बाजू जिंकणार असे त्याला मनोमन वाटू लागते. ही आशा येते कोठून, ती कितपत खरी असते आणि लोकशाहीच्या व्यवहारात तिचे स्थान काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

त्यासाठी गोमंतकात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. रूढ अर्थाने ती निवडणूक नव्हती. कारण तेथे कोणी उमेदवारच उभा नव्हता. पण याच कारणाने स्वयंसेवकाच्या मनाचे दर्शन तेथे अधिक स्वच्छ घडते. एखाद्या माणसाला निवडून आणण्यासाठी झटणाऱ्याच्या आशेत थोडी स्वतःच्या लाभाची आशाही मिसळलेली असू शकते. येथे प्रश्न एका प्रदेशाच्या भवितव्याचा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेची पहिली निवडणूक होऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारावर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्या पक्षाची भूमिका होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाला ती सर्वस्वी अमान्य होती. हा वाद विधानसभेच्या ठरावावर न सोडता थेट लोकांनाच विचारावे, असे अखेर ठरले आणि १९६६ च्या अखेरीस संसदेने तसा कायदा केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याआधीच राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती. विलीनीकरण हवे असेल त्याने फुलाला मत द्यावे. गोवा केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा असे ज्याला वाटेल त्याने दोन पानांना.

फूल आणि पाने ही चित्रे दिसावयास साधी; परंतु प्रत्येकामागे माणसांचा संसार उभा होता. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला आणि त्याच्या भाटात घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला महाराष्ट्रातील कूळकायद्याचे आकर्षण होते. मराठीतून अक्षरओळख झालेल्या आणि संतवाणीवर वाढलेल्या बहुजन समाजाला महाराष्ट्र हे आपलेच मोठे घर वाटे. उलट, मोठ्या राज्याचा एक कोपरा होऊन राहिल्यास आपली कोंकणी, आपली जीवनरीत आणि आपल्या मुलांच्या नोकऱ्या यांचे काय होईल, ही चिंता दुसऱ्या बाजूस होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती. तेव्हा माडाची सूर काढून पोट भरणाऱ्या रेंदेराने काय करावे, हाही प्रश्न विचारला जाई. ख्रिस्ती समाज बहुतांशी विलीनीकरणाच्या विरुद्ध होता. परंतु रवींद्र केळेकर, चंद्रकांत केणी, शाबू देसाई, उदय भेंब्रे यांसारखी हिंदू मंडळीही त्याच बाजूस झटत होती. विशेष हे की, या लढाईचा बराच भाग मराठीतूनच लढला गेला. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे दैनिक ‘गोमन्तक’ मराठी आणि त्याला कडाडून विरोध करणारे दैनिक ‘राष्ट्रमत’ हेही मराठीच!

अशा लढ्यात अखेरच्या आठवड्यात स्वयंसेवक नेमके काय करीत असतो? बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, तो लोकांची मते बदलीत असतो. वस्तुतः मते बदलण्याचे काम तोवर बहुतेक आटोपलेले असते. सभांनी आणि वर्तमानपत्रांनी ते आधीच केलेले असते. गोव्यात ‘झालाच पाहिजे’ ही एका बाजूची घोषणा आणि ‘आमचें गोंय आमकां जाय’ ही दुसऱ्या बाजूची घोषणा घरोघर पोहोचली होती; उल्हास बुयांव यांच्या गीतांनी कोंकणी मनाला साद घातली होती. यानंतर उरते ते हिशेबाचे काम. यादीतील प्रत्येक नावापुढे एक खूण करावयाची: हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. परगावी कामाला असलेला मुलगा त्या दिवशी घरी येणार आहे काय? वृद्ध आईला केंद्रापर्यंत हात धरून कोण नेणार? मतपत्रिकेवर खूण कोठे आणि कशी करावयाची, हे घरातल्या सर्वांना उमगले आहे काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. गोव्याच्या त्या कौलात ७,२७२ मते बाद ठरली. इतकी माणसे मतदानाला आली आणि त्यांचे म्हणणे मात्र मोजले गेले नाही.

गोमंतकाच्या भूगोलाने हे काम अधिक कष्टाचे केले होते. पणजीपाशी मांडवीवर त्या वेळी पूल नव्हता; पलीकडे बेतीला जावयाचे तर फेरीबोटीचाच आश्रय घ्यावा लागे. डोंगरकपारीतली आणि नदीकाठची वाडी-वस्ती गाठण्यास पायपिटीवाचून गत्यंतर नव्हते. महाराष्ट्रातून प्रचारासाठी आलेल्या मंडळींची स्थिती तर आणखीच चमत्कारिक. त्यांनी रात्रंदिवस श्रम करावे, परंतु त्यांच्यापैकी कोणाला मत नव्हते. मुंबईत आणि अन्यत्र स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनाही कौलात भाग घेऊ द्यावा, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. ज्याच्यापाशी मत नाही त्याला दुसऱ्याच्या मतावरच सारी भिस्त ठेवावी लागते. किंचित विचार केला तर दिसून येईल की, प्रत्येक स्वयंसेवकाची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. त्याचे स्वतःचे मत एक. बाकीची हजारो मते इतरांच्या हाती.

मग एवढी आशा त्याला वाटते कशी? याची तीन कारणे सांगता येतील. पहिले कारण त्याच्या श्रमातच आहे. घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याला निकालाचा केवळ अंदाज बांधता येतो. जो शंभर घरे फिरला आहे त्याने निकालात स्वतःचे काहीतरी घातलेले असते. शेतकरी पेरणी आटोपल्यावर आभाळाकडे पाहतो, ते केवळ हवामान जाणण्यासाठी नव्हे. दुसरे कारण आपल्या लोकांच्या स्वभावात आहे. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नकार देणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. सकाळी एका बाजूच्या मुलाला ‘तुमचंच काम करू’ म्हणणारे गृहस्थ संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या मुलालाही तितक्याच आदराने तेच सांगतात. दोघांच्याही वहीत एकाच नावापुढे ‘आपला’ अशी खूण पडते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे मतदानाची गुप्तता. त्या पडद्याआड काय घडेल हे भाटकाराला ठाऊक नसते, पुढाऱ्याला नसते आणि स्वयंसेवकालाही नसते. ज्या गावात मत उघड द्यावे लागते तेथे बलवंताचा जय आधीच ठरलेला असतो. तेथे दुर्बळ बाजूच्या कार्यकर्त्याला आशा करावयास जागाच उरत नाही. मुंडकार भाटकाराच्या इच्छेविरुद्ध मत देऊ शकतो, ही शक्यता ज्या गुप्ततेमुळे निर्माण होते, तिच्यामुळेच दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवकांना एकाच रात्री आपापल्या विजयाची स्वप्ने पाहता येतात.

त्या दोन स्वप्नांपैकी एक खोटे ठरणार, हे उघडच होते. यादीतील सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत फुलाचा जोर दिसला, तर सासष्टीसारख्या भागाने दोन पानांना भरभरून साथ दिली. या आकड्यांत जय-पराजय तर आहेच. पण आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शंभरातील ऐंशीहून अधिक मतदार घराबाहेर पडले. पोर्तुगीज अमदानी संपून जेमतेम पाच वर्षे झालेल्या प्रदेशात ही गोष्ट आपोआप घडली नाही. ती दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवकांनी मिळून घडविली. एकमेकांना हरविण्यासाठी धावताना त्यांनी सबंध गोमंतकाला मतदानकेंद्रापर्यंत आणून पोहोचविले. हरलेल्यांचे श्रम वाया गेले असे म्हणणाऱ्याने ही बेरीज एकदा पुन्हा मांडून पाहावी.

यापुढचा भाग तर अधिक बोधप्रद आहे. कौलानंतर दोनच महिन्यांनी, १९६७ च्या मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. जानेवारीत ज्या पक्षाचे मुख्य ध्येयच लोकांनी नाकारले, तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष मार्चमध्ये तीसपैकी १६ जागा जिंकून पुन्हा अधिकारावर आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. मतदारांनी दोन प्रश्न वेगळे केले आणि दोहोंना वेगवेगळी उत्तरे दिली. पण जानेवारीत हिरमुसले झालेले कार्यकर्ते मार्चमध्ये त्याच वाड्यांतून, त्याच याद्या घेऊन पुन्हा फिरले नसते, तर हे दुसरे उत्तर मिळाले असते काय? पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय व्यवहारात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. १९६७ मधील कोणत्याच स्वयंसेवकाने नेमके हेच चित्र डोळ्यांपुढे धरले नसेल. तथापि दोन्ही बाजूंच्या आशेचा काही अंश त्यात उतरला आहे, हे नाकारता येणार नाही.

आज प्रचाराची साधने पालटली आहेत. मतपत्रिकेच्या जागी यंत्र आले, भिंतीवरच्या घोषणांची जागा हातातल्या दूरध्वनीने घेतली. अखेरच्या दिवसांचे स्वरूप मात्र कायद्यानेच जपून ठेवले आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे अठ्ठेचाळीस तास जाहीर सभा व मिरवणुका यांना बंदी असते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत मते मागता येत नाहीत. मतदारांना भाड्याच्या वाहनातून केंद्रावर नेणे हा तर भ्रष्टाचारच मानला जातो. ध्वनिक्षेपक बंद झाले की वक्त्याचे महत्त्व संपते आणि दारावर हलकेच थाप मारणाऱ्याचे सुरू होते. त्या शांततेत केलेले काम किती मोलाचे ठरू शकते, याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात चंद्र प्रकाश जोशी यांचा अवघ्या एका मताने पराभव झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. साडेचार लाखांच्या घरात मते मिळविलेल्या दोन उमेदवारांमधील हे अंतर एका चाळीतील मतदारांपेक्षाही कमी आहे.

असे निकाल पाहिले म्हणजे स्वयंसेवकाच्या आशेला भाबडी म्हणून हसण्याचे धैर्य होत नाही. मात्र तिच्या ठायी एक धोकाही आहे. आपल्या वहीतल्या खुणांवर ज्याचा फार विश्वास बसतो, त्याला पराभव हा लोकांचा निर्णय न वाटता दगाफटका वाटू लागतो. शेजारच्या घरातील माणूस आपल्याला ‘हो’ म्हणून दुसरीकडे मत देऊन आला, ही गोष्ट त्याला पचत नाही. मग निवडणूक संपते, पण वैर उरते. गोमंतकात फुलाचा आणि पानांचा स्वयंसेवक पुष्कळदा एकाच वाड्यावरचे रहिवासी होते; कौलाच्या दुसऱ्या दिवशीही त्यांना एकाच विहिरीवर पाणी भरावयाचे होते, एकाच फेरीबोटीने नदी ओलांडावयाची होती. मतदानापूर्वीच्या दिवसांत आशा बाळगणे सोपे असते. दिवसच तसे भारलेले असतात. मतमोजणी झाल्यावर, ज्याने आपल्याला मत दिले नाही त्याच्याच दारी पुढील खेपेस पुन्हा जाऊन त्याला आदराने मत मागणे, हे त्याहून अवघड आहे. १९६७ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या अनेक कार्यकर्त्यांनी ते केले. त्यांची नावे कोणत्याही निकालपत्रकात सापडणार नाहीत.