इस्लाममधील क्षमा : ईश्वराची आणि माणसाची

'माफ', 'हक्क', 'कर्ज', 'हिशेब' आणि 'गुन्हा' हे पाच शब्द आपण मराठीत दररोज वापरतो. त्यांतील पहिले चार मूळचे अरबी व पाचवा फारसी, याची आठवणही आपल्याला राहिलेली नाही. इस्लाममधील क्षमेचा विचार समजून घ्यायला मात्र हेच पाच शब्द पुरेसे आहेत.

या विषयाबाबत दोन समज आढळतात. इस्लामचा ईश्वर म्हणजे केवळ शिक्षा देणारा कठोर न्यायाधीश, असे बाहेरच्यांना वाटते. उलट, एखाद्या पवित्र रात्री जागरण केले की सारे पाप धुऊन निघते, असे आमच्यातील काही भाबड्या माणसांना वाटते. माझ्या मते हे दोन्ही समज अपुरे आहेत.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडीलधाऱ्यांना नमाजेतील अरबी वचने तोंडपाठ आहेत, पण त्यांचा अर्थ मला कळला तो मराठी वाचता येऊ लागल्यावर. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून विनोबाजी अरबी शिकले आणि १९६२ साली त्यांचे 'कुराण-सार' हे निवडक वचनांचे संकलन प्रसिद्ध झाले. अर्थ कळल्याशिवाय धर्म कळत नाही, हेच त्यामागचे सूत्र म्हणावे लागेल.

कुराणाचे ११४ अध्याय आहेत. त्यांपैकी ११३ अध्यायांचा आरंभ 'रहमान' व 'रहीम' या दोन नावांनी होतो. दोहोंचा अर्थ दयाळू, कृपाळू. ज्या एकाच अध्यायाच्या आरंभी ही नावे नाहीत, त्या नवव्या अध्यायाचे नावच 'तौबा', म्हणजे पश्चात्ताप, असे आहे. गर्भाशयासाठी असलेला अरबी शब्दही 'रहमान'च्याच धातूपासून झालेला आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. पैगंबरांच्या एका वचनाचा आशय असा : ईश्वराने दयेचे १०० भाग केले, ९९ स्वतःपाशी ठेवले आणि एकच पृथ्वीवर पाठविला. शिंगराला इजा होऊ नये म्हणून घोडी आपला खूर उचलून धरते, ती त्या एका भागाच्या बळावर!

ही दया किती विशाल आहे हे सांगणारी एक कथा हदीसमध्ये येते. नव्याण्णव खून केलेल्या एका माणसाने एका संन्याशाला विचारले, "मला क्षमा मिळेल काय?" संन्यासी "नाही" म्हणाला, तेव्हा त्याने त्यालाही ठार केले. पुढे एका ज्ञानी पुरुषाने त्याला सांगितले, "पश्चात्तापाच्या आड कोण येणार? मात्र हे वाईट गाव सोड आणि सज्जनांच्या गावी जा." तो निघाला आणि वाटेतच मरण पावला. दोन्ही गावांचे अंतर मोजले गेले. सज्जनांचे गाव वीतभर जवळ भरले आणि त्याला क्षमा मिळाली.

या तौबेला मध्यस्थ लागत नाही. पापाची कबुली कोणा धर्मगुरूपुढे द्यावी लागत नाही. तीन गोष्टी मात्र आवश्यक मानल्या आहेत : ते पाप तत्काळ सोडणे, त्याबद्दल मनापासून खंत वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. परंतु पाप दुसऱ्या माणसाविरुद्ध घडले असेल, तर चौथी अट येते. ज्याचे घेतले त्याला ते परत करावे किंवा त्याची माफी मिळवावी.

येथेच 'हक्क' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. धर्मशास्त्रज्ञ ईश्वराचा हक्क आणि माणसांचा हक्क असा भेद करतात. नमाज चुकली तर तो ईश्वराचा हक्क. तो क्षमा करील. पण शेजाऱ्याचे पैसे बुडवले तर? हुतात्म्याचेही कर्ज माफ होत नाही, असे पैगंबरांनी सांगितले आहे. खरा कंगाल कोण, याचे त्यांनी दिलेले उत्तर तर विचार करायला लावणारे आहे. जो नमाज-रोज्यांचे पुण्य घेऊन येतो, पण ज्याने कोणाला शिवी दिली, कोणाचा माल खाल्ला, कोणाला मारले, त्याचे सारे पुण्य अखेरच्या हिशेबात त्या पीडितांना वाटले जाते. तोच खरा कंगाल!

आपली घोटी भाताची बाजारपेठ. राइस मिल आणि उधारीची वही येथे सर्वांच्या परिचयाची. 'मापात पाप' हा शब्दप्रयोगही आपलाच. कुराणाचा ८३ वा अध्याय नेमका माप मारणाऱ्यांविषयी आहे. घेताना पुरेपूर घ्यायचे आणि देताना कमी द्यायचे, या वृत्तीचा त्यात कडक निषेध आहे. अशा व्यापाऱ्याने हज केली तरी शेतकऱ्याचे धान्य शेतकऱ्याचेच राहते. कोणी विचारील, सर्वशक्तिमान ईश्वराला हेही माफ करता येणार नाही काय? पण मग नुकसान गरिबाचे आणि माफी भलत्याचीच, असे होईल. ईश्वराची दया दुबळ्याच्या हक्कावर पाय देऊन येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

म्हणूनच जनाज्याच्या वेळी, "मयताकडे कोणाचे काही देणे असेल तर घरच्यांना सांगावे," असे जाहीर केले जाते. हजला निघणारा माणूस नातलगांच्या, शेजाऱ्यांच्या घरी जाऊन "कहासुना माफ करना" म्हणतो. जैन बांधवांचे 'मिच्छामि दुक्कडम्' याच जातीचे आहे.

अर्थात माफी द्यायची की नाही, हे पीडिताने ठरवायचे. कुराण क्षमेला श्रेष्ठ मानते, पण सक्ती करीत नाही. इ. स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर पैगंबरांनी जुन्या शत्रूंना सर्वसाधारण माफी दिली. ज्यांचा छळ झाला होता त्यांतलेच ते एक होते, म्हणून त्या माफीला मोल आहे. त्यांचे चुलते हमजा यांना मारणाऱ्या वहशीलाही त्यांनी अभय दिले, मात्र शक्यतो माझ्यासमोर येऊ नकोस, असे सुचविले. क्षमा केली तरी दुःख उरते, हे इतक्या मोकळेपणाने मान्य केलेले पाहून मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटला.

शब्बे बारातच्या रात्री हात पसरून माफी मागणे सोपे असते, कारण समोर दयाळू ईश्वर असतो. दुसऱ्या दिवशी ज्याचे देणे आहे त्याच्या दारात उभे राहणे कठीण. इस्लामचा क्षमाविचार या दोन्ही गोष्टी मागतो, आणि दुसरीवाचून पहिली पुरी होत नाही.