आजीला फोन किती वाजता करायचा?

आमचं मॉसन लेक्स अ‍ॅडलेड शहराच्या उत्तरेला आहे. इथे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा पुण्यात किती वाजलेले असतात? तुम्ही ‘चार’ म्हणालात, तर उत्तर बरोबर. पण फक्त हिवाळ्यात!

अ‍ॅडलेडचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेनऊ तास पुढे आहे आणि भारताचं साडेपाच तास. दोन्हीकडे तो जादा अर्धा तास आहे. म्हणून आपला मिनिटकाटा आणि आजीच्या घड्याळाचा मिनिटकाटा नेहमी एकाच जागी असतो. सिडनीच्या मुलांचं तसं नाही, बरं का! साउथ ऑस्ट्रेलियात आधी नऊच तास होते. मेलबर्नशी व्यापार सोपा व्हावा म्हणून १८९९ साली अर्धा तास वाढवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपण घड्याळ एक तास पुढे करतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी ते परत मागे येतं. भारतात घड्याळ बदलत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात आपले आठ म्हणजे तिकडचे तीन, म्हणजे ऐन वामकुक्षीची वेळ. (वामकुक्षी म्हणजे दुपारच्या जेवणानंतरची छोटी झोप.)

इथे आलो त्या पहिल्याच ऑक्टोबरात मी नेहमीसारखा आठला फोन लावला. आई दचकून उठली. “काय झालं रे? सगळं ठीक आहे ना?” घरापासून लांब राहणाऱ्या माणसाचा अवेळी फोन आला, की घरचे आधी घाबरतात.

आता उन्हाळ्यात मी नऊला फोन करतो. तेव्हा आईचा चहा उकळत असतो. तुमची नऊला झोपायची वेळ होत असेल, तर शनिवारी करा. रविवारी शाळा नसते!