सायकलस्वाराची गारठलेली पावले

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पहाटेचा पारा अनेकदा एक आकडी होतो. थंडीपासून द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी शेकोट्या पेटवतात, त्याच वेळी हौशी सायकलस्वार रस्त्यावर येतात. कानटोपी, हातमोजे, स्वेटर असा सारा जामानिमा असूनही काही किलोमीटरांतच पायांची बोटे बधिर होतात.

यामागचा हिशेब सरळ आहे. हवा स्तब्ध असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या अंगावर तेवढ्याच वेगाचा वारा येतो आणि ५ अंशांचे तापमान उघड्या त्वचेला सुमारे १ अंशासारखे जाणवते. चालताना बोटे व तळवा सतत हलतात; पेडलवर मात्र श्रम मांड्या करतात, पाऊल जवळजवळ निश्चल राहते. शिवाय धड थंडावू लागले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेते. मुख्य कार्यालय अडचणीत आले की शाखांची उचल प्रथम थांबते, तसाच हा प्रकार.

म्हणून बंदोबस्त छातीपासून सुरू करावा. वारा अडवणारे जाकीट आणि घोट्यापर्यंत झाकणारी उबदार विजार आधी. मोज्यांचा विचार त्यानंतर. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबणे हा सर्वांत प्रचलित आणि निव्वळ तोट्याचा व्यवहार होय. त्यामुळे ऊब धरणारा हवेचा थर दबतो, रक्ताभिसरणही अडते. बोटे आत मोकळी हलतील असा बूट आणि लोकरीचा एकच मोजा पुरेसा आहे. सुती मोजा घामाने ओला होतो व ओलाच राहतो. जाळीदार बुटातून वारा शिरत असेल, तर मोज्यावर बोटांपुरती वर्तमानपत्राची घडी ठेवावी. रद्दीचा याहून चांगला विनियोग क्वचितच होत असेल. अधूनमधून उतरून सायकल हाती धरून थोडे चालावे.

दुकानात दिवसभर बैठे काम करणारे आपल्यापैकी अनेकजण मधुमेहामुळे सायकलकडे वळले आहेत. त्यांनी अधिक दक्ष राहावे. या विकारात तळव्यांची संवेदना मंदावू शकते. मग गारठा कळत नाही आणि घरी परतल्यावर पाय गरम पाण्यात बुडवले किंवा शेकोटीपाशी धरले, तर भाजल्याचेही कळत नाही. अशांनी शेक घेऊच नये. कोरडे मोजे घालून, पांघरूण घेऊन ऊब सावकाश येऊ द्यावी. नंतर भरपूर उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, वाकणे जमत नसेल तर घरच्यांकडून पाहून घ्याव्यात. एखादा फोड किंवा काळसर डाग दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.