मुलाला तातडीच्या विभागात नेताना

काशीतील पंचगंगा घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. यात्रेच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येणाऱ्यांचीही तेथे सतत ये-जा असते. अशा एखाद्या कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात सायंकाळपासून उलट्या व जुलाब सुरू झाले आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते मलूल होऊन पडले, अशी कल्पना करू. घरातील वडीलधारी माणसे ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणतात. आईचे मन मात्र ते मानीत नाही. अशा वेळी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काय घडते व ते का घडते, हे आधी ठाऊक असले तर घाबरेपणाने होणाऱ्या पुष्कळशा चुका टळतात.

आईची शंका येथे रास्त आहे. लहान मुलाच्या शरीरातील पाणी मोठ्या माणसाच्या मानाने फार लवकर कमी होते. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, कित्येक तास लघवी न होणे ही त्याची चिन्हे होत. पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती पूर्ववत होण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर शोष तीव्र आहे असे समजावे. मूल पाणी पिईनासे झाले, त्याला आकडी आली, ओठ निळसर झाले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला किंवा त्याला जागे करणे कठीण झाले, तर क्षणाचाही विलंब करू नये.

घाटांवरील गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरू शकत नाही. म्हणून १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करताना गल्लीच्या तोंडाशी असलेली ठळक खूण सांगावी आणि मुलाला उचलून तेथवर आणावे. कबीरचौऱ्यावरील शिवप्रसाद गुप्त विभागीय रुग्णालय या वस्तीस जवळचे आहे. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील सर सुंदरलाल रुग्णालय त्याहून दूर आहे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर वाटेत त्याला चमच्याने जलसंजीवनी देत राहावे. लसीकरणाचे कार्ड आणि मुलाला दिलेली सर्व औषधे, त्यांच्या वेष्टनांसह, बरोबर घ्यावीत.

विभागात पाऊल ठेवताच पालकांना बहुधा पहिला धक्का बसतो तो क्रमाचा. आपण आधी आलेलो असतानाही मागाहून आलेल्या मुलाला आत नेतात. हा अन्याय नव्हे. येथील क्रम आगमनावर ठरत नाही, धोक्यावर ठरतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य दोमिनिक लारे याने जखमींचा हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून उपचाराचा क्रम लावण्याची पद्धत रूढ केली. आजची वर्गवारी त्याच तत्त्वावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार मुलांचे तीन वर्ग करतात. ज्यांना त्याच क्षणी उपचार हवेत ती पहिल्या वर्गात येतात. ज्यांना रांगेत पुढे घ्यावयाचे ती दुसऱ्या. आणि जी निर्धास्तपणे थांबू शकतात ती तिसऱ्या. दोन महिन्यांहून लहान अर्भक, विषबाधा झालेले किंवा बरेच भाजलेले मूल यांना निदान दुसऱ्या वर्गात तरी घेतातच.

ही तपासणी काही क्षणांची असते. परिचारिका वा डॉक्टर श्वास, शुद्ध, हातापायांची उष्णता आणि नाडी पाहतात. बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजतात. तेव्हा ‘आम्हांला नुसते पाहून बसवून ठेवले’ असे मानू नये. त्या पाहण्यातच पहिला निर्णय झालेला असतो. परंतु तो निर्णय त्या घटकेपुरता असतो. थांबले असताना मूल अधिक मलूल झाले, त्याची धाप वाढली किंवा हातपाय गार पडले, तर संकोच न करता तत्काळ सांगावे. कर्मचाऱ्यांना अनेक मुलांकडे लक्ष द्यावे लागते. पालकांचे डोळे मात्र एकाच मुलावर असतात.

यानंतर प्रश्न विचारले जातात. त्रास केव्हा सुरू झाला? उलट्या व जुलाब किती वेळा झाले? रक्त पडले का? लघवी शेवटची केव्हा झाली? कोणते औषध, किती व केव्हा दिले? उत्तरे थोडक्यात व खरी द्यावीत. घरगुती औषध दिले असल्यास तेही लपवू नये. काशीत मराठी माणसाने एक शब्द जपून वापरावा. हिंदीत ‘जुलाब’ म्हणजे पोट साफ करण्यासाठी दिलेले रेचक! आपल्या जुलाबांना तेथे ‘दस्त’ म्हणतात, आकडीला ‘दौरा’ किंवा ‘झटके’, आणि केसपेपरला ‘पर्चा’.

मग मुलाचे वजन करतात, कारण मुलांचे औषध वजनावर ठरते. शोष मध्यम असेल तर दर किलोस ७५ मिलिलिटर याप्रमाणे जलसंजीवनी ४ तासांत देतात. म्हणजे १२ किलोच्या मुलास सुमारे ९०० मिलिलिटर. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावयाचे. येथे अनेक पालक नाराज होतात. ‘सलाईन का लावत नाहीत?’ असे ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर १९७१ साली मिळाले आहे. त्या वर्षी बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज यांचे द्रावण पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. आतड्यात ग्लुकोजबरोबर मीठ शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणीही रक्तात जाते. म्हणून पिऊ शकणाऱ्या मुलाला वाटीचमचा पुरतो; शोष तीव्र असेल किंवा मूल पिऊ शकत नसेल, तर मात्र शिरेतूनच द्रव देतात.

सुई टोचावी लागली तर एकाने मुलाला मांडीवर घेऊन धीर द्यावा. ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘थोडे दुखेल, मी येथेच आहे’ असे सांगावे. आणि ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर कधीच देऊ नये.

पैसे किंवा कागदपत्रे जवळ नाहीत म्हणून कोणी घरी थांबू नये. प्राणरक्षणाचे उपचार विनाविलंब देणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली दिला आहे.

घरी पाठवताना जुलाब पूर्ण थांबलेले नसतात; शोष भरून आला, एवढेच पुरे असते. जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जेवण बंद करू नये, आणि कोणत्या चिन्हांवर परत यावे हे विचारून, शक्य तर लिहून घ्यावे. त्या रात्री आईने मुलाची शेवटची लघवी केव्हा झाली हे ध्यानात ठेवले असेल, तर तिने डॉक्टरांच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर घरूनच बरोबर आणलेले असते.