स्थानक हलवा, पण साक्ष पुसू नका!

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात हॅम्लेट नावाचे छोटे रेल्वेगाव आहे. थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९२६ साली याच गावात जन्मला. दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे १९०० साली सीबोर्ड एअर लाइन या कंपनीने दुमजली लाकडी स्थानक बांधले. १९७१ साली ते ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेले. या शतकाच्या आरंभी त्याची जागा बदलायची वेळ आली, तेव्हा ते पाडले गेले नाही. अख्खी इमारत पायापासून सोडवून रुळांच्या पलीकडे नेली, डागडुजी केली. आज तिथे संग्रहालय आहे आणि प्रवासी गाडीही थांबते.

एक वास्तू वाचली याचा आम्हाला आनंदच आहे. पण आंबेडकरी माणसाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. इमारतीसोबत इतिहास किती वाचला?

हे स्थानक बांधले गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १८९९ साली, नॉर्थ कॅरोलिनाने कायदा करून गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळे डबे व वेगळी प्रतीक्षालये सक्तीची केली होती. त्याला आधार होता १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या निकालाचा. होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून १८९२ साली त्याला अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या ढोंगावर शिक्कामोर्तब केले. आंतरराज्य प्रवाशांच्या डब्यांतील आणि प्रतीक्षालयांतील हा भेद बेकायदा ठरायला १९५५ साल उजाडावे लागले. म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या स्थानकाची मधली भिंत हा अर्धशतकाचा पुरावा आहे. जागा मोठी करण्यासाठी ती भिंत काढून टाकली, तर उरते ते फक्त सुंदर छप्पर!

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाने हे ओळखले. सदर्न रेल्वेचा विभक्त आसनांचा जुना डबा नोव्हेंबर २०१३ मध्ये क्रेनने खाली उतरवला आणि संग्रहालयाची इमारत त्याच्याभोवती बांधली. काळ्यांच्या भागात सामान ठेवायला फळी नाही, संडासही लहान. प्रेक्षक आत चालत जातो आणि विषमता त्याला मोजता येते. ज्याने सोसले त्याची बाजू सांगणारे जतन ते हेच.

आता आपल्याकडे पाहू. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भावा-भाच्यांसोबत साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. 'आम्ही महार आहोत' हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार नव्हता. मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, असे ठरले. वाटेत जकातीच्या नाक्यावर पाणीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या १२ व्या खंडात ते कोणीही वाचावे. याच बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. तेव्हा हॅम्लेट आणि मसूर यांची सांगड आम्ही ओढूनताणून घालत नाही.

आपल्या रेल्वेला वारसा कळत नाही असे नाही. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून डबा जपला आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा आहे. राजपुत्राची गादी जपली जाते. मग तहानलेल्या मुलाचा फलाट कोणत्या यादीत?

पुणे-मिरज मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, मग दुहेरीकरण आले. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेखाली देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. विकासाला आमचा विरोध नाही. प्रवाशाला चांगला फलाट मिळालाच पाहिजे. पण जुन्या खुणा पुसण्याचा परवाना म्हणजे विकास नव्हे. वकील म्हणून आम्ही सांगतो, पुरावा नष्ट झाला की गुन्हा घडलाच नव्हता असे म्हणणारे लगेच उभे राहतात. 'आमच्याकडे कुठे होती अस्पृश्यता?' असे विचारणारे आजही कमी नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे अस्पृश्यतेचा लिखित इतिहास घडला, तिथे कोणतेही बांधकाम पाडण्यापूर्वी मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन नोंद व्हावी. जे जुने शिल्लक आहे ते हलवता येत असेल तर हलवावे, पाडू नये. आणि मसूरच्या फलाटावर बाबासाहेबांचा तो अनुभव त्यांच्याच शब्दांत, मराठी, हिंदी व इंग्रजीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ठळकपणे वाचता आला पाहिजे. साताऱ्यातील कार्यकर्त्यांनी हे निवेदन रेल्वेच्या पुणे विभागाकडे लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि माहितीच्या अधिकारात पाठपुरावा करावा. पुतळ्याला हार घालायला आपण हजारोंनी जमतो. या कामाला दहा माणसे पुरेशी आहेत.